दुकानातला कॅमेरा आणि दुसऱ्याचा चेहरा

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारओळीतून चालत गेले, तर कृषी केंद्र, किराणा, सराफाची पेढी, औषधांचे दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे केंद्र, खानावळ, दूध संकलन केंद्र अशा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आज सीसीटीव्ही कॅमेरा दिसतो. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात गावात रोख रक्कम फिरते, गल्ल्यावर गर्दी होते, खताच्या पोत्यांची मोजदाद चुकते आणि रात्री बाजारपेठ निर्मनुष्य होते. अशा वेळी दुकानदाराने कॅमेरा लावला तर त्यात चूक काहीच नाही, आणि कोणताही कायदा त्याला त्यापासून अडवत नाही. प्रश्न कॅमेरा लावल्यानंतर सुरू होतो. त्या कॅमेऱ्यात जे साठते ते दुकानदाराच्या डिस्कवर असले, तरी ते चेहरे, ते येणे-जाणे आणि ते व्यवहार दुसऱ्याचे असतात.

खेड्यात ही गोष्ट शहरापेक्षा अधिक नाजूक आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मोठ्या शहरातल्या दुकानाच्या चित्रणात दिसणारा माणूस पाहणाऱ्याला बहुधा अनोळखी असतो. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात मात्र चालण्याच्या ढबीवरूनही माणूस ओळखू येतो. अमुक घरची सून सोनाराकडे डोरले घेऊन आली होती, अमुक शेतकऱ्याने उधारीवर बियाणे नेले, अमुक मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी चढली, हे बारा सेकंदांच्या आवाज नसलेल्या चित्रणातूनही पूर्ण कळते आणि संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. गावचा जुना व्यापारी उधारीची वही कधी चारचौघांत वाचून दाखवत नसे, कारण त्या वहीत लोकांची अब्रू आहे हे त्याला ठाऊक होते. कॅमेऱ्याचे चित्रण ही तशीच वही आहे, आणि त्याविषयीचे नियम याच दृष्टीने वाचले तर समजायला कठीण जात नाहीत.

आपल्याकडे 'दुकानातील कॅमेऱ्यांचा कायदा' असा एकच स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. नियम वेगवेगळ्या कायद्यांतून येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदाखाली मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मंजूर केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. तक्रारी पाहून दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच अमलात आल्या, तर व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत सवय लावून घेण्यास वेळ आहे. मात्र 'तोपर्यंत काहीच नियम नाही' असा याचा अर्थ होत नाही, कारण फौजदारी कायद्यांची कलमे आजही लागू आहेत.

या अधिनियमात 'कॅमेरा' हा शब्द शोधत बसण्याची गरज नाही. ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, आणि ती डिजिटल स्वरूपात साठवली की कायदा लागू होतो. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, साठलेला ओळखू येणारा चेहरा या व्याख्येत बसतो. स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला कायद्यातून सूट आहे, पण दुकान, दवाखाना, गोदाम किंवा शिकवणी वर्ग हे घरगुती कारण नव्हे. 'माझे दुकान लहान आहे, मला हे लागू नाही' ही समजूतही बरोबर नाही. काही प्रकारच्या व्यावसायिकांना ठरावीक तरतुदींमधून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, परंतु दुकान लहान आहे एवढ्यावरून ती सूट आपोआप मिळत नाही.

येथे एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. गुन्हा रोखण्यासाठी, शोधण्यासाठी किंवा त्याच्या तपासासाठी माहिती वापरली जात असेल, तर कायदा संमती, सूचना इत्यादी बऱ्याच जबाबदाऱ्यांमधून सवलत देतो, आणि चोरी रोखण्यासाठी लावलेला कॅमेरा या सवलतीचा आधार मागू शकतो. पण त्या सवलतीतही साठवलेली माहिती सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य माफ होत नाही. ते कर्तव्य मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा वाचून खेड्यातल्या दुकानदाराने धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण ती कमाल मर्यादा आहे आणि दंड ठरवताना चुकीचे स्वरूप, तिचे गांभीर्य आणि परिणाम यांचा विचार करणे मंडळावर बंधनकारक आहे. तरीही कायदा सर्वांत जास्त वजन कशाला देतो, हे त्या आकड्यावरून दिसते. कॅमेरा लावण्यापेक्षा चित्रण सांभाळण्याची जबाबदारी मोठी आहे.

आता कॅमेरा कोठे नसावा, हे पाहू. शौचालय, न्हाणी, कपडे बदलण्याची जागा, दवाखान्यातील तपासणीची खोली, लहान बाळाला दूध पाजण्याची जागा, ब्युटी पार्लरचा आतला भाग, शिंप्याकडील माप घेण्याची जागा आणि लॉजची खोली येथे कॅमेरा कोणत्याही कारणाने असता कामा नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-ई या कलमानुसार कोणाच्याही खासगी अवयवांचे चित्रण संमतीशिवाय करणे, ते प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्त्री असो वा पुरुष, हे कलम सर्वांना संरक्षण देते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून निरीक्षण किंवा चित्रण करण्याविषयी आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षे, तर पुन्हा दोषी ठरल्यास तीन ते सात वर्षे कैद होते. स्त्रीने चित्रण करण्यास संमती दिली, पण ते इतरांना दाखवण्यास दिली नाही, तरीही ते दुसऱ्याला पाठवणे हा गुन्हाच आहे, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले आहे.

एका दवाखान्यात मी स्वतः पाहिले आहे की प्रतीक्षालयातल्या पडद्यावर चार चौकटी चालू होत्या, आणि त्यांपैकी एकीत आतल्या खोलीतील तपासणीचा पलंग दिसत होता. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता. कॅमेरा लावणाऱ्या मुलाने 'सगळी रूम कव्हर होईल' म्हणून तो कोपऱ्यात बसवला होता आणि पडदा रुग्णांच्या बाजूला वळवला होता. पण बाहेर बसलेल्या वीस माणसांसमोर ज्या बाईचा त्रास उघड झाला, तिला त्या हेतूचा काय उपयोग? म्हणून कॅमेरा बसवून झाल्यावर मालकाने प्रत्येक चौकट स्वतः उभे राहून पाहावी, आणि पडदा फक्त गल्ल्यावर बसणाऱ्यालाच दिसेल असा ठेवावा.

जिनिंग, दालमिल किंवा गोदामात हंगामी कामाला येणाऱ्या बायांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी खोली नसते. पोत्यांच्या थप्पीमागे आडोसा करून त्या कपडे बदलतात किंवा बाळाला दूध पाजतात. मालाच्या राखणीसाठी लावलेला कॅमेरा नेमका त्याच थप्पीवर रोखलेला असतो, हे मालकाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा आधी बायांना आडोशाची पक्की जागा द्यावी आणि मग कॅमेऱ्याची दिशा ठरवावी. कामाच्या ठिकाणी असा त्रास झाल्यास दाद मागण्याची सोय २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात आहे. जेथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात तेथे आस्थापनेची स्वतःची समिती नसते, पण प्रत्येक जिल्ह्यात असलेल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहेच.

आपल्याकडे पुढे दुकान आणि मागे घर, किंवा खाली पेढी आणि वर भावाभावांचा संसार, अशी रचना सर्रास असते. दुकानाचा कॅमेरा आतल्या चौकापर्यंत पाहू लागला की तो धंद्याचा राहत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सामाईक निवासी वास्तूच्या वादात, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या आतील भागात लावलेले कॅमेरे त्याच्या खासगीपणाच्या अधिकारावर घाला घालतात, असे मानले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटणीचा वाद चालू असलेल्या वाड्यांमध्ये 'राखणीसाठी' म्हणून लावलेला कॅमेरा पुष्कळदा पाळतीसाठी वापरला जातो, हे गावातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

रस्त्याकडे तोंड करून कॅमेरा लावण्यास पोलीसही दुकानदारांना अनेकदा सांगतात आणि सार्वजनिक रस्ता टिपला जाणे स्वाभाविक आहे. पण समोरच्या घराचे अंगण, न्हाणीची खिडकी किंवा शेजारच्या गच्चीवरची वाळवण टिपण्याचे काही कारण नाही. कोन बदलूनही ते टाळता येत नसेल, तर बहुतेक डीव्हीआरमध्ये 'प्रायव्हसी मास्क' नावाची सोय असते. तिच्यामुळे चित्राचा ठरावीक भाग काळ्या पट्टीने कायमचा झाकला जातो. ही सोय बहुतेकांना ठाऊकच नसते. कॅमेरे लावणाऱ्याला सांगितले तर दहा मिनिटांत हे काम होते.

दारावरच्या पाटीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. 'तुम्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' एवढेच लिहिलेल्या पाटीतून ग्राहकाला धाक कळतो, माहिती कळत नाही. नव्या कायद्याची दृष्टी अशी आहे की कोणती माहिती घेतली जाते, कशासाठी घेतली जाते आणि तक्रार कोणाकडे करायची, हे माणसाला त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावे. गुन्हे रोखण्याची सवलत मिळाली किंवा न मिळाली, तरी अशी पाटी लावणे हा दुकानदारासाठी सर्वांत सुरक्षित आणि जवळजवळ फुकटचा मार्ग आहे. ती साधारण अशी असावी: 'या दुकानात चोरी व फसवणूक रोखण्यासाठी कॅमेरे लावले आहेत. आवाज नोंदवला जात नाही. चित्रण पंधरा दिवस ठेवून नंतर आपोआप पुसले जाते. याविषयी विचारायचे असल्यास दुकानाच्या मालकाशी बोलावे.' त्याखाली मोबाइल क्रमांक लिहावा. पाटी माणूस आत पाऊल टाकण्यापूर्वी दिसेल अशी लावावी. कायद्याप्रमाणे संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्यात आहे. परंतु कोरकू आणि गोंडी त्या अनुसूचीत नाहीत. त्यामुळे मेळघाटातील धारणीच्या किंवा गडचिरोलीतील भामरागडच्या दुकानदाराने मराठी पाटी लावून काम संपले असे समजू नये. कॅमेऱ्याचे चित्र पाटीवर काढावे आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तोंडी सांगावे.

आवाजाचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. हल्ली स्वस्तातल्या कॅमेऱ्यांतही मायक्रोफोन असतो आणि तो कारखान्यातूनच चालू आलेला असतो. चोरी पकडण्यासाठी चित्र पुरते. आवाजातून मात्र दोन ग्राहकांचे घरगुती बोलणे, औषधाच्या दुकानात हलक्या आवाजात सांगितलेला आजार, पेढीवर बोललेली गहाणाची रक्कम हे सारे नोंदले जाते. दुकानाच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरांच्या बाबतीत कायद्याने मालकाला थोडी मोकळीक दिली आहे. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी नोकराची वैयक्तिक माहिती त्याच्या वेगळ्या संमतीशिवाय वापरता येते. गल्ला, वजनकाटा, गोदामाचे दार येथे कॅमेरा असणे याच कारणात बसते. जेवायला बसण्याच्या जागेवर रोखलेला किंवा मालकाने घरी बसून दिवसभर मोबाइलवर पाहत राहण्यासाठी लावलेला कॅमेरा त्या कारणात बसवणे कठीण आहे. नोकराला कामावर घेतानाच कॅमेरे कोठे आहेत आणि कशासाठी आहेत हे सांगावे. लपवलेला कॅमेरा लावून विश्वास तपासण्याची पद्धत कायद्याच्या दृष्टीने धोक्याची आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही वाईट आहे. शिकवणी वर्ग चालवणाऱ्यांनी आणखी जपावे, कारण अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने बालक आहे. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास कायद्याने मनाई केली आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती जी सवलत नियमांत आहे ती तेवढ्यापुरतीच आहे, वर्गाचे थेट चित्र सर्व पालकांच्या मोबाइलवर वाटण्यासाठी नाही.

चित्रण किती दिवस ठेवावे, याचा आकडा लहान दुकानासाठी या अधिनियमात दिलेला नाही. ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपले की ती पुसावी, असे तत्त्व आहे. व्यवहारात डिस्कची क्षमताच दिवस ठरवते. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट या वेगाने नोंद करत असेल, तर दिवसाला अंदाजे २१ ते २२ जीबी जागा लागते. असे चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ जीबी घेतात आणि एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. त्यानंतर जुने चित्रण पुसून नवे नोंदवले जाते. किराणा दुकानाला एवढे पुरे आहे. महिन्याच्या हिशेबातली तफावत जेथे उशिरा लक्षात येते, अशा कृषी केंद्राला तीस दिवस समजण्यासारखे आहेत. सहा महिने साठवण्याची हौस मात्र कोणी करू नये. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचे चित्रण दीर्घकाळ जपण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी प्रकरणात दिलेले आदेश पोलीस ठाण्यांसाठी आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांसाठी आहेत, दुकानांसाठी नाहीत.

सुरक्षिततेची सर्वांत मोठी भेग पासवर्डात असते. कॅमेरे बसवणारा माणूस बहुधा तालुक्यातल्या सगळ्या दुकानांना एकच पासवर्ड देतो आणि ॲप स्वतःच्या मोबाइलवर चालू ठेवून जातो. म्हणजे शंभर दुकानांच्या आतले दृश्य एका मोबाइलवर उघडे असते. काम संपले की मालकाने त्याच्यासमोरच पासवर्ड बदलावा, कोणकोणते मोबाइल जोडलेले आहेत ती यादी उघडून अनोळखी मोबाइल काढून टाकावेत, आणि डीव्हीआर कुलपाच्या पेटीत ठेवावा. नोकर सोडून गेला तर त्या दिवशी पुन्हा पासवर्ड बदलावा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने सुरक्षेची चाचणी बंधनकारक केली आहे. त्यामुळे बिल नसलेला स्वस्त माल घेण्यापेक्षा पक्के बिल आणि नोंदणी क्रमांक असलेला कॅमेरा घेणे शहाणपणाचे आहे. एवढे करूनही चित्रण बाहेर फुटले, तर नवे नियम लागू झाल्यावर ज्यांचे चित्रण फुटले त्यांना विनाविलंब कळवावे लागेल आणि मंडळाला बहात्तर तासांत तपशील द्यावा लागेल.

तरीही गावात चित्रण बहुतेक वेळा कोणी चोरल्यामुळे फुटत नाही, दुकानदार स्वतःच ते पाठवतो. पाकीट उचलणाऱ्याचे चित्रण 'याला ओळखा, हा चोर आहे' अशा ओळीसह गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले जाते. त्या क्षणी दुकानदार तक्रारदार राहत नाही, तोच न्याय करणारा होतो. तो माणूस चोर नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामीची फिर्याद होऊ शकते आणि तिच्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. कायद्यापलीकडचा धोका आणखी मोठा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेतून भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अनोळखी, फिरस्ता, पारधी किंवा भटक्या समाजातला माणूस चित्रणात दिसला की संशय आधी त्याच्यावर जातो, हे आपल्याकडचे वास्तव आहे. म्हणून चोरीचे चित्रण फक्त पोलीस ठाण्यात द्यावे, इतर कोणालाही देऊ नये.

पोलिसांनी चित्रण मागितले तर सहकार्य करावे, पण नोंद ठेवून करावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमाखाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन कागदपत्रे किंवा इलेक्ट्रॉनिक साधन मागू शकतो. आदेशाची प्रत ठेवावी, कोणत्या कॅमेऱ्याचे किती वाजेपासून किती वाजेपर्यंतचे चित्रण दिले ते वहीत लिहावे, आणि डीव्हीआरच नेला तर जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागावी. कृषी केंद्रावर कीटकनाशक नेल्याचे चित्रण एखाद्या आकस्मिक मृत्यूच्या तपासात मागितले जाते, तेव्हा त्या घराचे दुःख दुकानदाराच्या मोबाइलमध्येही असते. ते मोबाइलवर राहू देऊ नये आणि कोणाला दाखवू नये.

न्यायालयात हे चित्रण टिकण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचे, म्हणजे ते कोणत्या साधनातून आणि कसे घेतले हे सांगणारे, प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात हेच ६५-बी कलम होते. त्याचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ज्या खटल्यात ठरवले, तो आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्याचा होता. विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावरून ठरवायचे होते, आणि मूळ साधन समोर नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय झाला. दुकानदाराने एवढे करावे की घटना घडताच तो भाग वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावा, डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवावे, आणि मूळ नोंद पुसली जाण्यापूर्वी पोलिसांना कळवावे. लोडशेडिंगनंतर डीव्हीआरचे घड्याळ चुकण्याचा अनुभव आपल्याकडे नित्याचा आहे.

कॅमेऱ्याचा उपयोग फक्त मालकालाच व्हावा, असेही नाही. काट्यावर कापूस मोजताना वजनात गडबड झाली असे शेतकऱ्याला वाटले आणि त्याने ते चित्रण पाहायला मागितले, तर त्याला त्याच्या वेळेचा भाग समोर बसवून दाखवणे उचित आहे. नव्या कायद्यात आपल्याविषयी कोणती माहिती आहे याचा सारांश मागण्याचा अधिकारही आहे. मात्र त्याच चौकटीत इतर चार जणांचे चेहरे असतील, तर त्यांच्यासह पूर्ण प्रत हातात देऊ नये.

शेवटी जुन्या यंत्राचा प्रश्न राहतो. डीव्हीआर बिघडला की तो दुरुस्तीला नागपूरला किंवा अमरावतीला जातो, नाहीतर भंगारवाल्याला दिला जातो, आणि आतली डिस्क तशीच जाते. दुरुस्तीला देण्यापूर्वी डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी. यंत्र विकायचे असेल तर डिस्क आधी पूर्ण पुसून घ्यावी. डिस्क निकामी झाली असेल, तर तिला आरपार दोन-तीन भोके पाडून मगच भंगारात टाकावी.